नवे डान्स थोडे, जुने डान्स पक्के : लाइन डान्स गटातल्या जुन्या सभासदांना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

नव्या हंगामाचं वेळापत्रक ठरलं आहे आणि त्यातल्या एका बदलावरून वर्ग सुटल्यावर दाराशी बरीच चर्चा चालते, हे माझ्या कानावर आलं आहे. दर आठवड्याला एक नवा डान्स, ही आपली आजवरची पद्धत. यापुढे महिन्याला एकच नवा डान्स शिकवायचा आणि उरलेला वेळ आधी शिकलेल्या डान्सना द्यायचा, असं मी समितीला सुचवलं आणि समितीने ते मान्य केलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे पटलेलं नाही. म्हणून हे पत्र. पुढच्या कार्यक्रमांची आणि नव्या जागेची माहितीही यात आहे, पण आधी हा विषय घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पत्र उघड लिहिते आहे ते मुद्दाम. नुकतेच गटात आलेले लोकही ते वाचतील, आणि त्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यांच्यासाठी एक ओळ : लाइन डान्स म्हणजे रांगांत उभं राहून सगळ्यांनी एकच ठरलेली पावलं एकाच वेळी टाकायची.

एक हिशेब मांडते. ३२ काउंटचा, चार वॉलचा डान्स घ्या, म्हणजे ३२ ठोक्यांची पावलं पुन्हा पुन्हा करायची आणि दर वेळी पाव वळून पुढच्या भिंतीकडे तोंड करायचं. गाणं साडेतीन मिनिटांचं, मिनिटाला ११० ठोक्यांचं. म्हणजे सगळे मिळून ३८५ ठोके. सुरुवातीचे ३२ आपण नुसतं उभं राहून ऐकतो. उरलेल्या ठोक्यांत डान्स पूर्ण होतो अकरा वेळा. चार भिंतींत वाटले तर प्रत्येक भिंतीकडे तोंड करून तो दोनदा किंवा फार तर तीनदा होतो. ६४ काउंटचा डान्स असेल तर अख्ख्या गाण्यात पाचच वेळा. शिकवताना गाणं दोनदा लागतं, पुढच्या आठवड्यात उजळणीला एकदा, आणि मग नवा डान्स समोर उभा राहतो. तुम्हाला तेवढं पुरतं. ग्रेपवाइन, शफल, जॅझ बॉक्स, सेलर स्टेप तुमच्या अंगात मुरलेल्या आहेत, त्यामुळे नवा डान्स ही तुमच्यासाठी ओळखीच्या पावलांची नवी जुळणी असते.

नवख्या माणसाचं तसं नाही. कोस्टर स्टेपमध्ये मागे, जोड, पुढे ही तीन पावलं दोन ठोक्यांत बसवायची असतात. ती बसली तरी खरी अडचण पुढे असते : संपताना वजन कुठल्या पायावर आलं? नवखे लोक दिशा चुकतात असं आपल्याला वाटतं, पण नीट पाहिलंत तर बहुतेक वेळा ते वजन चुकलेले असतात. ‘टच’ म्हटलं की पाय नुसता टेकवायचा आणि ‘स्टेप’ म्हटलं की त्यावर अंग टाकायचं. हा फरक डोक्याला कळतो पहिल्याच दिवशी, पायाला कळायला आठवडे लागतात. एका टचवर चुकून वजन पडलं की पुढचं पाऊल चुकीच्या पायाने निघतं, मग वळण उलटं होतं, आणि सगळी रांग डावीकडे तोंड करून असताना एकच माणूस उजवीकडे बघत उभा राहतो. हे दोन-तीनदा झालं की तो पुढच्या वेळी येत नाही. कारण विचारलं तर वेळ जमत नाही म्हणतो. गेल्या हंगामात आलेल्या किती जणांना आपण असं हरवलं, ते तुम्हीही पाहिलं आहे.

लाइन डान्सला जोडीदार लागत नाही, हात धरावा लागत नाही, कोणी ‘चल’ म्हणेपर्यंत कोपऱ्यात थांबावं लागत नाही. एकटा माणूस आत येतो, रांगेत उभा राहतो आणि गाणं सुरू होताच सगळ्यांच्या बरोबरीचा होतो. वैधव्य आलेल्या, नव्या गावात राहायला आलेल्या, मुलं घर सोडून गेलेल्या, नाहीतर नुसत्याच लाजऱ्या माणसांसाठी ही केवढी मोठी सोय आहे! तिचा लाभ घेऊन तो रांगेत उभा राहिला आणि तिथे त्याला फक्त गोंधळच मिळाला, तर दोष त्याच्या पायांचा नाही. आपल्या वेगाचा आहे.

तुमच्या दोन हरकती मी गंभीरपणे घेते.

पहिली कंटाळ्याची. त्याच त्या डान्सचा कंटाळा येईल, ही भीती खरी आहे. पण आपण आजवर जुना डान्स म्हणजे तेच गाणं, तीच रांग आणि माझ्याच सूचना, असं धरून चाललो. आता तसं होणार नाही. एकच डान्स आधी मिनिटाला १०० ठोक्यांच्या गाण्यावर आणि मग १२० च्या गाण्यावर करून पाहा, पावलांची लांबी, गुडघ्याचा लवचीकपणा, वळणाची तयारी सगळं बदलतं. काही डान्स आपण समोरासमोर दोन रांगा करून घेणार आहोत. पुढे जाताना समोरच्या रांगेतल्या फटीतून आरपार जायचं आणि वळून परत यायचं, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाचावं लागतं आणि पावलं आपोआप नेटकी होतात. आणि महिन्यातला एक वर्ग असा असेल, ज्यात मी एकही सूचना देणार नाही. टॅग (मध्येच जोडलेली जादा पावलं) कधी येतो, रिस्टार्ट (डान्स अर्ध्यात सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात) कुठे आहे, हे गाणं ऐकून ओळखायचं. ज्यांना बोटं मोजत बसायची सवय आहे त्यांना पहिल्यांदा जड जाईल. पण गाणं ओळखीचं झालं की कडवं संपताना जो विसावा येतो तोच टॅगची खूण देतो. मोजण्याची गरज संपते आणि माणूस त्या क्षणापासून नाचायला लागतो. जुन्या डान्समधला हा आनंद आपण घाईघाईत मागे टाकत आलो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी हरकत मेंदूच्या व्यायामाची. नवीन शिकत राहिलं की स्मरणशक्ती शाबूत राहते, मग नवे डान्स कमी का करता? या संदर्भात ज्या अभ्यासाचा उल्लेख नेहमी होतो तो २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ७५ वर्षांहून मोठ्या ४६९ लोकांच्या सवयी त्यात नोंदवल्या होत्या आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. तपासलेल्या ११ शारीरिक हालचालींपैकी स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी संबंध दिसला तो फक्त नाचण्याचा. पोहणं, सायकल, चालणं यांच्यात तो दिसला नाही. आपल्या सगळ्यांना आवडणारी गोष्ट आहे ही, पण तिच्यातून जेवढं निघतं तेवढंच घेऊ या. तो निरीक्षणाचा अभ्यास होता. नाचल्यामुळे धोका कमी झाला, की ज्यांची तब्येत मुळात चांगली होती तेच नाचत राहिले, हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. आणि दर आठवड्याला नवा डान्स शिका, असं तर त्यात कुठेच नाही. सूचना नसताना गाणं ऐकत, वळत, शेजारच्याशी अंतर राखत पंधरा डान्स लक्षात ठेवणं हेही मेंदूला भरपूर काम आहे.

शरीराच्या बाजूने बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. पासष्टीपुढच्यांसाठी त्यात भर आहे : आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणाऱ्या हालचाली. बाजूला पाऊल टाकणं, मागे जाणं, एका पायावर वळणं हे तोलाचंच काम आहे. मात्र ते तोलाचं काम होतं पाऊल नक्की माहीत असताना. पुढचं पाऊल शोधत, खाली बघत, घाईने वळणारा माणूस तोल शिकत नाही, तो पडण्याच्या बेतात असतो. वयस्कर सभासदांसाठी ओळखीचा डान्स अधिक सुरक्षित आहे. महिन्याला एक नवा डान्स ठरवताना हा विचार सगळ्यात वजनदार ठरला.

जगभर जे डान्स टिकले ते कसे टिकले, तेही पाहा. मॅडिसन १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरातून पसरला. इलेक्ट्रिक स्लाइड रिक सिल्व्हर यांनी १९७६ साली बसवल्याचं सांगितलं जातं आणि त्याचं १८ काउंटचं रूप आजही लग्नसमारंभांत आजी आणि नात एकत्र करतात. जिम फेराझानो यांचा टश पुश १९८० चा. १९९० च्या दशकात कंट्री संगीताबरोबर लाइन डान्सची मोठी लाट आली, शेकडो डान्स बसवले गेले, त्यातले बहुतेक आज कोणाला आठवत नाहीत. आता तर इंटरनेटवर रोज नव्या स्टेप शीट, म्हणजे डान्सची पावलं लिहिलेले कागद, येतात. कोणताही गट त्यांच्यामागे धावून त्यांना गाठू शकत नाही. जे उरले ते लोकांनी पुन्हा पुन्हा केले म्हणून उरले.

आता तुमच्याकडून मला हवी असलेली गोष्ट. ती रांगेतल्या जागेची आहे.

आपल्या वर्गात जाणते पुढे आणि नवखे मागे, अशी व्यवस्था आपोआप झाली आहे. नवखा माणूस मुद्दाम मागचा कोपरा धरतो, कारण तिथे कोणाचं लक्ष जाणार नाही असं त्याला वाटतं. पण चार वॉलचा डान्स दर फेरीला पाव वळतो. पहिल्या वळणानंतर एका कडेचे लोक पुढे येतात, दुसऱ्यानंतर सगळ्यात मागची रांग सगळ्यात पुढे होते. मघाशी लपलेला माणूस आता सर्वांच्या समोर उभा आहे आणि बघायला त्याच्यापुढे फक्त भिंत आहे. दोन वॉलच्या, म्हणजे दर फेरीला अर्धं वळणाऱ्या डान्समध्ये तर हे दर फेरीआड होतं. म्हणून नवख्यांची जागा मधोमध हवी आणि जाणत्यांची चारही कडांना, म्हणजे कुठेही वळलं तरी डोळ्यांपुढे कोणीतरी बरोबर नाचणारा असेल. त्यासाठी तुमच्यातल्या काहींना पुढची मधली जागा सोडावी लागेल. ती तुमची कित्येक वर्षांची जागा आहे, तिथून आरसा दिसतो, शेजारी मैत्रीण असते, हे सगळं मला माहीत आहे. तरीही मागते आहे. आणि कडेला उभं राहिल्यावर एक पथ्य : शेजारचा चुकला तर गाणं चालू असताना त्याला शिकवायला जाऊ नका. आपलं पाऊल ठळक आणि लहान टाका. तो बघून सावरेल. बोलून सांगितलं की त्याचं ऐकणं तुटतं आणि मागच्या दोघांचंही.

आता बातम्या.

नव्या हंगामापासून आपण दुसऱ्या हॉलमध्ये जातो आहोत. तिथे लाकडी जमीन आहे. आधीच्या हॉलची फरशी सिमेंटवर बसवलेली होती, ती जराही दबत नसे आणि तासाभराने नडग्या आणि गुडघे बोलायला लागत. लाकडी जमीन थोडी दबते, पावलाचा धक्का स्वतःत घेते. मात्र पादत्राणं बदलावी लागतील. रबरी तळाचे, खाचांचे धावण्याचे बूट लाकडाला चिकटतात : पिव्हट करताना, म्हणजे चवड्यावर वळताना, अंग वळतं, पाऊल जागच्या जागी राहतं आणि मधला गुडघा पिळला जातो. गुळगुळीत तळाचे, टाचेला धरून बसणारे, हलके बूट आणा. नुसत्या मोज्यांवर नाचू नका, ते उलट घसरतात. आणि जमीन निसरडी करायला पावडर टाकणं हॉलच्या नियमात बसत नाही, कृपया कोणी टाकू नये. वळताना टाच किंचित उचलून चवड्यावर वळायचं, हे पहिल्या दोन वर्गांत आपण सगळेच पुन्हा करू, जुने आणि नवे मिळून.

वर्गाचा पहिला अर्धा तास यापुढे संपूर्ण नवख्यांचा असेल. ज्यांना कडेला उभं राहायचं आहे त्यांनी त्या अर्ध्या तासात जरूर यावं. बाकीच्यांनी अर्धा तास उशिरा आलं तरी चालेल. याशिवाय गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा चक्कर येण्याच्या त्रासामुळे जे येणं थांबले आहेत त्यांच्यासाठी खुर्चीवरचा वर्ग सुरू करतो आहोत. टाच पुढे, चवडा मागे, बाजूला टच, टाळी, हे सगळं बसूनही तालात होतं आणि गाणी आपलीच असतील. अशांपैकी कोणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांना स्वतः जाऊन सांगा. मी पाठवलेल्या निरोपापेक्षा तुमच्या बोलावण्याने ते लवकर येतील. डॉक्टरांना विचारूनच यावं, हेही सांगा.

२९ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय नृत्य दिन. १७२७ साली याच तारखेला जन्मलेल्या फ्रेंच बॅले गुरू जाँ-जॉर्ज नोव्हेर यांच्या स्मरणार्थ आंतरराष्ट्रीय रंगभूमी संस्थेच्या नृत्य समितीने १९८२ पासून तो सुरू केला. गेल्या वेळी आपण त्या दिवशी मंचावर कार्यक्रम केला, लोकांनी बसून पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. या वेळी मंच नाही. मोकळ्या मैदानात सगळ्यांना नाचता येईल असे सोपे डान्स घ्यायचे, ३२ काउंटच्या आतले, टॅग-रिस्टार्ट नसलेले. आपण सगळे एका घोळक्यात उभे राहणार नाही. गर्दीत विखरून उभे राहू, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाच्या आजूबाजूला आपलं एक माणूस असेल. वर्गात कडा धरण्याचा सराव झाला असेल तर हे सहज जमेल.

त्यानंतर शेजारच्या गटाबरोबर एकत्र नाचण्याची संध्याकाळ आहे. एकाच गाण्यावर त्यांचा डान्स वेगळा आणि आपला वेगळा, असं हमखास होतं, म्हणून दोन्हीकडच्या याद्या आधी जुळवून घेतो आहोत. तरी तशी वेळ आलीच तर अर्धी जमीन पुढे त्यांची, अर्धी मागे आपली. गाणं चालू असताना रांगा तोडून पलीकडे जाऊ नये, जमिनीवर गप्पा मारत थांबू नये, दाटी झाली की पावलं लहान करावीत. पाहुणे म्हणून जाताना हे आपसूक पाळलं जातं, यजमान असतानाच विसरतं.

१ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनी, एका वृद्धाश्रमात जायचं आहे. तिथे खुर्चीवरचे डान्स करायचे. त्याची तयारी खुर्चीच्या वर्गातले सभासद करून घेतील आणि त्या दिवशी सूचनाही तेच देतील.

स्टेप शीट वाचायला शिकवणारी एक कार्यशाळाही घेते आहे. काउंट, वॉल, पातळी, नृत्य बसवणाऱ्याचं नाव, गाणं, किती ठोक्यांनी सुरुवात, हे सगळं वर लिहिलेलं असतं. खाली आठ-आठ काउंटचे तुकडे आणि वळणानंतरची दिशा घड्याळाच्या आकड्यांत : समोर बारा, उजवीकडे तीन, मागे सहा. एकदा वाचता आलं की घरी सराव करायला व्हिडिओची गरज उरत नाही, आणि समोरून घेतलेल्या व्हिडिओमुळे डावं-उजवं उलटण्याचा घोळही टळतो. कुठलाही डान्स करण्याआधी तो बसवणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, ही प्रथा मी वर्गात सुरू करते आहे. ही माणसं आपलं काम बहुतेक वेळा मोफत जगापुढे ठेवतात. निदान नाव तरी आपल्या तोंडी असावं. आणि वर्गातला कोणाचाही व्हिडिओ त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय घेऊ किंवा पाठवू नका. काही जण केवळ त्या धास्तीने येत नाहीत.

तर पुढच्या वर्गाच्या आधी मला तीन गोष्टी कळवा. पुन्हा करायला आवडतील असे आजवरचे कोणतेही तीन डान्स. चार कडांपैकी कुठली कड तुम्ही धराल ते. आणि २९ एप्रिलला मैदानात येणार की नाही. डान्सच्या नावांची यादी मी दारापाशी लावणार आहे आणि ज्याला जास्त मतं तो हंगामाचा पहिला डान्स. वेळापत्रकाबद्दल हे सगळं वाचूनही हरकत असेल तर तीही लिहून द्या, समितीच्या पुढच्या बैठकीत मी ती वाचून दाखवेन.

आपली,
गटाची नृत्यशिक्षिका